ओढलेले गाल

२ मार्च, रात्री ८
निर्णय पक्का. गाल ओढून घ्यायचे. १५ मेला आपला कोरियाचा शिक्षक दिन, चौऱ्याऐंशीच्या बॅचचा मेळावा, मंचावर मी कविता म्हणणार. ओठांवर शरदाचा चंद्र आणि खाली लोंबणारे गाल, शोभत नाही.
सोलमध्ये अपगुजोंगला प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर निघाला बे ग्युसांग! माझाच विद्यार्थी. बुद्धी यथातथा, अक्षर तिरकं. शाळेच्या संडासामागे सिगारेट ओढताना मीच पकडला होता. पोटरीवर दहा छड्या, वर तीन पानी माफीनामा. त्यात गाढवाने आकाश, ढग, पाखरं घातली. मी लाल शाईत शेरा मारला: 'अलंकार काढ. कबुली लिही.' काय दिवस होते!
आज तोच विचारतो, सर, सिगारेट ओढता का? ह्याला काय सांगणार? छे, म्हणालो. तरी सांगत बसला: ओढत असाल तर महिनाभर आधी बंद, महिनाभर नंतर बंद. धुराने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ओढून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही, ती मरते.
मला शिकवतो! उपमा आणि रूपकातला फरक ह्याला शेवटपर्यंत कळला नाही.

५ मार्च, सकाळ
आजपासून बंद. कायमची.

५ मार्च, दुपारी ३
एक. निरोपाची.

१९ मार्च
इमारतीच्या भोंग्यावरून सूचना: बाथरूममध्ये सिगारेट ओढू नका, वरच्या घरात धूर जातो. बायको म्हणाली, अहो, नाव तेवढं घ्यायचं राहिलं. बाईला शब्दांची जाण नाही. मी 'ओढत' नाही, चिंतन करतो.

३ एप्रिल
झालं ऑपरेशन. नर्स विचारते, आजोबा, सिगारेट नाही ना? आजोबा! सर म्हणायला जीभ झडते. नाही म्हणालो.

७ एप्रिल
चेहरा भोपळा. बाथरूममध्ये पंखा लावून अर्धी. अर्धीला धूम्रपान म्हणत नाहीत.

१२ एप्रिल
डाव्या कानापुढे नाण्याएवढा काळा डाग. टाके तिरके पडले असणार. अक्षर तसे टाके.

१६ एप्रिल
ग्युसांगला झापला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, सर, कातडी मेलीय. जखम भरायला दोन महिने. मेळाव्याला पट्टी असेल. किती ओढता, खरं लिहून द्या, त्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी तीन कोरे कागद पुढे केले. एवढा वाकला म्हणजे चेष्टाच ती.

१८ एप्रिल
तिन्ही पानं भरली. धुराला डोंगरावरच्या धुक्याची उपमा. शेवटचा परिच्छेद तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. दवाखान्यात पाठवली.

२० एप्रिल
पानं परत. लाल शाई. 'अलंकार काढा, सर. कबुली लिहा.'
उद्धट. उद्धट. उद्धट.

१५ मे
पट्टी आहे. मेळाव्याला गेलो नाही. कविता न्हाणीघरात म्हटली. वरच्या मजल्यावरच्याने पाइप बडवला.
संध्याकाळी ग्युसांग घरी आला. माझ्या छातीला शिक्षक दिनाचं कार्नेशनचं फूल लावलं आणि हात पुढे केला. बायको म्हणाली, द्या की आता. दिला कागद. त्यावर एवढंच: 'रोज अकरा. आजही.'
त्याने खिशातून लाल पेन काढलं, खाली 'ठीक' लिहिलं.
हा शेरा मी त्याला कधी दिला नव्हता.
अक्षर अजून तिरकंच आहे.