डाउनटाइम शून्य

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल मैत्रीला नागपूरच्या गाडीत बसवलं. दिवाळीची सुट्टी संपली. गाडीत चढताना म्हणाली, बाबा, नको वाटतंय परत जायला. तिची आई, निशी, रडली. मी रडलो नाही, मी बर्थ नंबर बघत होतो. पहिलंच वर्ष आहे हॉस्टेलचं, मन लागेल.

सुट्टीत तिने माझ्या मोबाइलमध्ये एक गेम टाकून दिला. चौघांनी एका बेटावर उतरायचं, बाकीच्या टीमना संपवायचं, शेवटपर्यंत उरायचं. खेळताना एकमेकांशी बोलता येतं. नेट गेलं तर आपला माणूस आहे तिथे पुतळ्यासारखा उभा राहतो आणि येणारा-जाणारा त्याला गोळी घालतो.

टीम अशी: मैत्री, तिची रूममेट संस्कृती, मी आणि गोरक्ष. गोरक्ष आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये माझ्याच लाईनवर आहे. चौथा माणूस हवा होता, कंपनीच्या बसमध्ये हा खेळताना सापडला. कॅप्टन कोण ते ठरलेलं नाही. म्हणजे मीच.

रोज रात्री साडेआठ. संकल्प: लांब राहणाऱ्या मुलीच्या मागे कोणीतरी भक्कम पाहिजे. मी क्वालिटीचा माणूस आहे. डाउनटाइम शून्य, लाईन एक मिनिटही बंद पडता कामा नये.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली मॅच. सुरुवात उत्तम. मी एका घराच्या गच्चीवर मोक्याची जागा धरली. तेवढ्यात निशीने आतून सांगितलं, अहो, तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करा, मी दोरीवरचे कपडे काढतेय. गेलो. आलो तेव्हा संपलेलो होतो.

टीमला कळवलं, नेट गेलं होतं. मैत्रीने विचारलं, बाबा, नेट गेलं तर शिट्टी कशी ऐकू आली? तांत्रिक बाब आहे, सांगून कळणार नाही. मग संस्कृतीने विचारलं की काय शिजतंय. मैत्री तिला सांगत बसली, वरण असणार, आमच्याकडे वरणाला तीन आणि भाताला दोन. समोरून शत्रू येतोय आणि या दोघींचं वरण. शिस्तीची विनंती केली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आई. मी बोलत होतो, डावीकडून या, डावीकडून. आई हॉलमध्ये येऊन म्हणाली, धनेश, एकटाच काय बोलायलास रे? सांगितलं, मैत्रीशी. तर फोन हातातून घेतला आणि त्यातच बोलायला लागली. केसाला तेल लावायलीस का, का तसंच हिंडायलीस? मैत्रीने सगळी उत्तरं दिली. संस्कृतीलाही तेलाबद्दल विचारण्यात आलं. आम्ही चौदावे आलो. गोरक्ष म्हणाला, आजी लई भारी हाय. हा काही मॅचचा रिपोर्ट नव्हे.

बिघाडाचं मूळ कारण शोधायची प्लांटमधली पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारायचं. विचारलं. मॅच का हरलो, मी मेलो. का मेलो, फोन हातात नव्हता. का नव्हता, आईने घेतला. का घेतला, तिची सिरीयल संपली होती. का संपली? इथे मूळ कारण सापडलं. सिरीयल अर्ध्या तासाची आहे, ती एक तासाची हवी.

१० नोव्हेंबर, सोमवार

निशीने सांगितलं की मैत्रीचा दुपारी फोन होता. मेसचं जेवण गळ्याखाली उतरत नाही म्हणते. पुढच्या वर्षी घराजवळ, आकुर्डीतल्या कॉलेजात बदली मिळते का, ते विचारत होती. निशीचा चेहरा उतरला होता. म्हणाली, एवढ्या मेहनतीने मिळवलेली ब्रँच, पोरगी सोडून यायची, आणि मग आयुष्यभर हळहळायची. तुम्ही बोला तिच्याशी.

मी बोलणं वगैरे करणार नाही, मी उपाय करणार. तिच्या कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये याच गेमची स्पर्धा आहे, बाहेरचे लोकही टीममध्ये चालतात. आम्ही जिंकलो की हॉस्टेलमध्ये तिचं नाव होईल. नाव झालं की मन लागेल. मन लागलं की जेवण उतरेल. हे निशीला समजावलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही तर रोज पहिले मरता. आकडे संदर्भ सोडून वापरले की असं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्पर्धेची पहिली फेरी. वेळ टीमने ठरवायची होती. मी आग्रहाने गुरुवार दुपार मागून घेतली. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, शांतपणे खेळता येतं. मैत्री दोनदा म्हणाली, बाबा, नक्की गुरुवार? म्हटलं, बापावर विश्वास ठेव.

सकाळी निशीने विचारलं, गुरुवारी आपल्याकडे लाईट असते का कधी?

हा मुद्दा माझ्या लक्षात होता. घाबरण्याचं कारण नव्हतं, राउटर इन्व्हर्टरला जोडून ठेवला होता. लाईट गेली. राउटरचा दिवा चालू, पण नेट नाही. नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काका, आमचा बॉक्स शेजारच्या बिल्डिंगवर आहे, त्याला कुठे इन्व्हर्टर? मग मोबाइलचा डेटा लावला. पण सगळी एमआयडीसी सुट्टीवर, सगळे घरी, आणि सगळ्यांनी तेच केलेलं. माझा माणूस एका खांबाशेजारी उभा राहिला तो राहिलाच. आवाजही तुटत होता. मैत्री सारखी म्हणत होती, बाबा, ऐकू येत नाहीये, बाबा, लाव ना परत. फार तगमग करते. जिंकायची जिद्द माझ्यावर गेली आहे.

आणि आम्ही थेट फायनलला गेलो. गोरक्षने नंतर सांगितलं, सायब, तुमाला उभं बघून लोक गोळ्या घालाया येत व्हते, अन् आमी झाडामागनं त्यांना टिपत व्हतो. म्हणजे टीमला दिशा मी दिली. नोंद करून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

व्यत्ययांवर कायमचा बंदोबस्त. नियमावली करून फ्रिजवर चिकटवली. साडेआठ ते सव्वानऊ मला हाक मारू नये. दार वाजल्यास ज्याचं पार्सल त्याने उघडावं. शिट्टी वाजणारे पदार्थ आठच्या आत करावेत. सिरीयलबाबत वाटाघाटी चालू.

संध्याकाळी बघतो तर खाली निशीच्या अक्षरात: लसूण सोलून मिळाल्यास विचार करू.

लसूण सोलला. मॅचच्या वेळेतच सोलावा लागला. एका हाताने खेळलो, बाविसावे. निशीने ओट्यापाशी उभं राहून मैत्रीला मेथीचा ठेचा कसा करतात ते सांगितलं. हॉस्टेलमध्ये ठेचा करायला खलबत्ता कुठून आणणार? तरी ती विचारत होती, आई, मिरच्या आधी भाजायच्या ना? तिच्या तोंडात काहीतरी होतं, नीट बोलताही येत नव्हतं. कामगिरीवर परिणाम होतो अशाने. खेळताना खाऊ नये, असं बजावलं. दोघी हसल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पाण्याचा दिवस. पाणी दिवसाआड येतं आणि सोसायटीत मोटर बंद करायची पाळी माझी आली. मॅच ऐन रंगात. टीमला म्हटलं, नेट जातंय माझं, आणि खाली पळालो. टाकी भरून वाहत होती. अण्णासाहेब, सोसायटीचे चेअरमन, गॅलरीतून बघत होते. त्यांना सांगितलं, मोटरचा स्विच खराब आहे.

वर येऊन म्हटलं, आलं नेट. तर गोरक्ष म्हणाला, सायब, नेट कुटं गेलतं? तुमी मोटर बंद कराया गेलता. वयनींनी तुमाला चप्पल घालून जा म्हणून सांगितलं. आमाला समदं ऐकू येतंय.

माईक. माईक पहिल्या दिवसापासून चालू आहे. म्हणजे दोन आठवडे जे काही या घरात बोललं गेलं ते चाकणपासून नागपूरपर्यंत गेलं. निशीच्या बहिणीच्या पुरणपोळीबद्दल मी जे म्हणालो तेही. संस्कृती म्हणाली, काका, ते तर आम्हाला फार आवडलं.

निर्णय: आजूबाजूचा आवाज अजिबात आत न घेणारा हेडफोन घेणार. मैत्री लगेच म्हणाली, नको ना बाबा, राहू दे माईक असाच. बापाचा खर्च वाचवायला बघते. समजूतदार आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

हेडफोन आला. राउटरपासून माझ्या खुर्चीपर्यंत केबलही ओढली, वायरलेसचा भरवसा नाही. केबल देवघरासमोरून गेली आहे. संध्याकाळी पाहतो तर आईने तिच्यावर तिचं सोवळ्याचं लुगडं वाळत टाकलेलं. म्हणाली, दोरी चांगली बांधलीस, पण खाली बांधलीस.

शनिवारी फायनल. फायनलला येणाऱ्या सगळ्या टीम दमदार आहेत. आम्ही गुरुवारच्या त्या पुतळ्यावर इथवर आलो, असं गोरक्ष बसमध्ये दोघा-तिघांना सांगत होता. खेळीमेळीने घेतलं.

निशीने पुन्हा विषय काढला. मैत्रीने बदलीचा अर्ज करायचं अजून सोडलेलं नाही. डिसेंबरात शेवटची तारीख. म्हटलं, शनिवारपर्यंत थांब.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळी सात.

तयारी पूर्ण. निशी आणि आई यांना देहूरोडला निशीच्या बहिणीकडे पाठवलं. निशी जाताना म्हणाली, तुमची पुरणपोळीची मतं सांगू का तिथे? बेलची वायर काढली. पंखा बंद, त्याची कुरकुर येते. गॅस खालून बंद. कुकर रिकामा. लाईट आहे, आज शनिवार. आज घर म्हणजे प्रयोगशाळा आहे.

रात्री साडेनऊ.

नेट एकदाही गेलं नाही. एक हाक नाही, एक शिट्टी नाही. केलेल्या नियोजनाचं शंभर टक्के यश.

हरलो. सगळ्यांत आधी मी गेलो, त्याची कारणं तपासतो आहे. घाम आला होता, पंखा बंद असल्यामुळे असेल. पण मी गेल्यावरही टीम होती. मैत्री होती.

सुरुवातीला तिने विचारलं, आई कुठेय? सांगितलं, देहूरोडला. आजी? तीही. म्हटलं, आज कोणीही मध्ये येणार नाही, तू बिनधास्त खेळ. मग मैदानाच्या मधोमध तिचा माणूस थांबला. उघड्यावर, न हलता. मी ओरडलो, मैत्री, नेट गेलं तुझं, परत लाव. गोरक्ष म्हणाला, सायब, ताईचं नेट हाय.

हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. चांगला हेडफोन आहे.

मग म्हणाली, बाबा, आज घर ऐकूच येत नाहीये. आणि गेली. म्हणजे स्वतःच बंद करून गेली. याला आमच्याकडे बिघाड म्हणत नाहीत. याच्यासाठी शब्द नाही.

मी बराच वेळ हेडफोन घालून बसलो. खरंच काही ऐकू येत नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

निशी आणि आई सकाळीच आल्या. निशीला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली आणि मेथी निवडत म्हणाली, ती मेसमधून ताट घेऊन खोलीत येते हो. साडेआठला. दिवसभरात तेवढंच एक जेवण तिचं नीट होतं, तुमचा गेम चालू असताना. मला संस्कृतीने सांगितलं, केव्हाच.

विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, तुम्ही लगेच त्याची नियमावली केली असती.

आईने आतून विचारलं, तुला काय वाटायलं, पोरीनं तुझ्या बंदुकीसाठी खेळात घेतलं व्हय तुला?

दुपारी मैत्रीला फोन केला. काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, ते वाचलं नाही. म्हटलं, स्पर्धा संपली, पण साडेआठ चालू ठेवू या का? म्हणाली, हो. मग म्हणाली, फोन ओट्यावर ठेवशील? आणि तो हेडफोन नको. म्हटलं, ओट्यावर फोन ठेवून मी खेळू कसा? म्हणाली, बाबा, तू खेळला नाहीस तरी चालेल. फक्त नेट जाऊ देऊ नकोस.

अर्जाचं विचारलं. म्हणाली, बघू, आधी सेमिस्टर होऊ दे.

रात्री पावणेनऊ.

फोन ओट्यावर, पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आहे. आई आणि निशी दोघी तिथेच. भाताची दुसरी शिट्टी झाली. बेटावर माझा माणूस उतरल्या जागी उभा आहे. त्याचं काय करायचं, असं मी आत जाऊन विचारलं, तर मैत्री म्हणाली, राहू दे बाबा, कोणी मारलं तर मारू दे त्याला. गोरक्ष त्याच्यामागे झाडात बसला आहे.

कॅप्टन बदलल्याचं कोणी बोललेलं नाही. म्हणजे मीच आहे.

मी हॉलमध्ये राउटरपाशी खुर्ची घेऊन बसलोय. दिवा हिरवा आहे.