दोरीची गाठ

बाबा,

सौंसरहून कळमन्याच्या बाजारात संत्री आणताना वाटेत ट्रकची अ‍ॅक्सिलेटरची वायर तुटली. मंग इंजिनच्या डिझेल पंपाले दोरी बांधली अन् केबिनमधून ती हातानं ओढत ओढत गाडी चालवत आणली. दोरी आखूड होती, म्हणून दोन तुकडे जोडून तुमची हातमागावरची गाठ मारली. कळमन्यापर्यंत सुटली नाही.

मिस्तरी म्हणे, "ही गाठ कोनं मारली गा?"

मी म्हटलं, "वाटेत भेटला एक ड्रायव्हर, त्यानं."

मागावरून उठून आलो तवा, 'या धाग्यात काही ठेवलं नाही' म्हटलं होतं तुमाले. कोणत्या तोंडानं तुमचं नाव घेऊ?

हे पत्र धाडत नाही. तुमाले आता दिसत नाही, आपली धाकटी काजलच वाचून दाखवंल, अन् तिच्यासमोर मले हे कबूल करवत नाही. दिवाळीले दोरीच घेऊन येतो. बोटानं ओळखसान.

तुमचा,
अंकुर