समासातली ताई

प्रिय ताई,

"तुम्ही इतिहास का घेतलात?" असं परवा एका मुलीनं मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले आहे.

आमच्याकडे विषयनोंदणीचा आठवडा आहे. मुलांना विषय सुचवायला मी बसते, त्या सल्ला कक्षाबाहेरची रांग पार जिन्यापर्यंत जाते. पहिल्या वर्षाची मुलं खुर्चीवर जेमतेम टेकतात आणि म्हणतात, "ताई, एखादा सोपा विषय सांगा ना, फक्त सकाळचा नको." एकाला तर मित्राच्या शेजारी बसायला मिळालं की झालं, विषय कुठलाही चालणार होता. मी त्याला हसले, आणि मग ते हसू दिवसभर मलाच टोचत राहिलं. दिवसभर सगळे मला ताई म्हणतात. खोलीवर परतले की आपणही कुणाला तरी ताई म्हणावं असं फार वाटतं. फोनवर तू असतेस, पण मागे बाळ रडत असतं आणि "जेवलीस ना, बरी आहेस ना" एवढं विचारून तू ठेवून देतेस.

मी कॉलेजात गेले तेव्हा विषय आवडीनं निवडायचा असतो हेच आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "ताईची पुस्तकं आहेतच की घरात. तेच घे." तुझा झगा उसवून माझ्या मापाचा करायचे, तसा त्यांनी मला इतिहास दिला. मीही तो अंगावर चढवला. त्या पुस्तकांच्या समासांत तुझी पेन्सिल होती ना. "हे पटत नाही." "या राजाला काही कामधंदा नव्हता का?" एका तहाच्या कलमांशेजारी तू लिहिलं होतंस, "भांडण मिटवायला यापेक्षा आपल्या मावश्या बऱ्या." वाचनालयात मी एकटीच फिस्सकन हसायचे. आई अंथरुणाला खिळली म्हणून पहिल्या वर्षानंतर तू कॉलेज सोडलंस, आई गेल्यावर लग्न होऊन इतकी लांब गेलीस. पण माझ्या पहिल्या वर्षी तू वर्षभर माझ्या बाकावर बसलेली होतीस.

दुसऱ्या वर्षाची पुस्तकं नवी घ्यावी लागली. पहिलं उघडलं तर समास कोरे. तसंच रेटलं, गुणही चांगले पडले, घरातली पहिली पदवीधर झाले. बाबांनी मापं घेता घेता गिऱ्हाइकांचे कान किटवले. पण खरं सांगू? प्रत्येक पानावर तू काय म्हणाली असतीस, एवढंच मी शोधत होते.

मुलांना मात्र छातीठोकपणे सांगते, कुणाच्या मागे जाऊन विषय घेऊ नका, ज्या तासाला घड्याळाकडे लक्ष जात नाही तो घ्या. मला ते मनापासून पटतं. आमच्या वरच्या मजल्यावर भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. बाहेर काचेच्या कपाटात दगड मांडलेत. डबा खाऊन झाला की मी तिथे रेंगाळते. तिथला शिपाई चिडवतो, "काय ताई, आज तरी एखादा पसंत पडला का, की अजून बघण्याचाच कार्यक्रम?" एका करड्या दगडात शिंपला आहे. समुद्र इथून कुठच्या कुठे. तो तिथे कसा आला हे मला कळलंच पाहिजे, असं वाटतं. असं इतिहासाच्या कुठल्याही पानावर वाटलं नव्हतं. भीती एकच होती, त्या दगडांपाशी तू कधीच बसलेली नाहीस.

एवढं सगळं लिहिलं त्याचं कारण असं, की इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात मला जागा मिळाल्याचं बाबांनी तुला कळवलंय, आणि "आमची धाकटी प्राध्यापक होणार" असं तू सासरी सगळ्यांना सांगत सुटली आहेस. पुढचं तुला त्यांच्याकडून कळू नये. रागावलीस तर रागाव, पण फोनवर दोन मिनिटांत नको, चांगलं पानभर लिहून रागाव. काल दुपारी मी इतिहास विभागात जाऊन ती जागा सोडली. मग जिना चढून वर गेले, भूगर्भशास्त्राच्या पदवीच्या अगदी पहिल्या वर्षात नाव घातलं आणि मलाच मागे फिरता येऊ नये म्हणून फीसुद्धा तिथल्या तिथे भरून टाकली.

तुझीच, आता जरा हट्टी झालेली,
धाकटी