अप्पांची मिशी आणि नऊ स्क्रीन

सोम., ६ जाने.
ठरलं! रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये दशावतार, आणि राजा आमचे अप्पा. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हॉल एवढासा, अर्धं घाटकोपर बाहेर अंगणात बसणार. म्हणून अंगणात नऊ स्क्रीनची भिंत: आतल्या कॅमेऱ्याचं चित्र, नऊ तुकडे जोडून एकच मोठं. ती माझ्याकडे. अंधेरीभर ऑफिसांतून स्क्रीन लावत फिरते, बापासाठी नाही लावणार? साहेबांनी गोडाऊनमधले जुने दिले. देव त्यांचं भलं करो.

बुध., ८
नंदूने (चुलतभाऊ. हात सोन्याचे, तोंड बंद होत नाही) सगळे स्क्रीन चढवले. एकातून दुसऱ्यात केबल ओवली, प्रत्येकाला नंबर दिला. मी लॅपटॉपवरून एकच ओळ धाडली: सगळे चालू. नऊच्या नऊ उजळले! प्रत्येकाचं 'ओके' परत आलं. अंगणातच नाचले. वॉचमनकाकांनी पाहिलं. पाहू देत.

शुक्र., १०
वाट लागली. रंगीत तालीम. भिंतीवर अप्पांचा चेहरा मोठ्ठा, आणि... नाक जागेवर, डावा कान उजवीकडे, उजवा डावीकडे, मिशीची टोकं नाकाकडे वळलेली. पोरं खिदळली. मीही हसले. तिथेच चुकलं.
हसणं ऐकून अप्पा बाहेर आले, भिंत पाहिली: "माझ्या तोंडाचा काय केलंस गो? मी उभो रवाचंय नाय."
मुकुट काढून सरळ घरी. जेवले नाहीत. आई म्हणाली, "एवढे महिने जिना धरून धरून चालले ते याच दिवसासाठी. आणि तू दात काढतेस?" खूप रडू आलं. लॅपटॉप आपला म्हणतोय ओके, ओके. ओके काय, कपाळ!

शनि., ११
सापडलं!! एकेक स्क्रीन बंद करून बघितला.
"एक नंबर बंद!" मी समोरून.
"झाला!" नंदू भिंतीमागून.
बघते तर विझला तो उजवीकडचा वरचा; एक नंबर तर डावीकडे हवा. नंद्या, गाढवा, मागे उभं राहून नंबर दिलेस!
"मग वायरी मागेच असतात ना गं?"
बसल्या जागेवरून नंबर पालटले. फोटो लावून पाहिला. मिशी सरळ! घरी येऊन अप्पांना मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि पेपरात डोकं घातलं. पण संध्याकाळी आईला विचारत होते, मिशीचो डिंक खंय ठेवलंस.

रवि., १२
झकास!!! अख्खा राजा, अख्खी मिशी. एन्ट्रीला आत टाळ्या. बाहेर चित्र जरा उशिरा पोचतं, त्यामुळे अंगणातल्या टाळ्या मागून आल्या, त्याही दुप्पट. अप्पा दचकले. मग कळलं त्यांना. त्यानंतर प्रत्येक जोरकस वाक्याला मिशीवर हात ठेवून उभे, अंगणाची टाळी येईपर्यंत हलायचं नाव नाही. पखवाजवाला खोळंबला, पेटीवाले डोळे वटारतायत, राजा ढिम्म. मी केबलींत बसून हसत होते, रडतही होते.

सोम., १३
स्क्रीन उतरवून टेम्पोत. अप्पा गुडघे शेकत बसलेत, स्वारी खूश. पुढच्या आठवड्यात कुडाळला गावची जत्रा, तिथेही राजा तेच म्हणे.
"ही भिंत गावाक नेतलंस काय गो?"
"अप्पा, तिथे लाइट टिकते का धड?"
"ता तू बघ. मी मिशी आणतंय."
नंदू खालून बोंबलतोय, टेम्पो गोडाऊनला की कुडाळला?
थांब रे. साहेबांना फोन लावतेय.