आजीची लाल ओळ

सोम. ६ जाने.
प्रशिक्षण सुरू! दहा दिवस. जुन्या नोंदवह्यांतले जन्म, लग्नं, मृत्यू जुळवून एकेका माणसाचं अख्खं आयुष्य एका ओळीत मांडायचं. मग पिढ्यानपिढ्या काय बदलत गेलं ते बघायचं. शेवटी प्रत्येकाने एक कुटुंब सादर करायचं, त्यावरून दोघांना चार वर्षांच्या प्रकल्पात घेणार. मला हवंय ते. फार हवंय!

गर्गे मॅडम शिकवतात. पहिलंच वाक्य — "चुकीची जोडणी म्हणजे खून." बाई जरा नाटकी आहेत.

मंगळ. ७
मी आपलंच घर घेतलं. आम्ही पंचवटीतले उपाध्ये, यात्रेकरूंच्या वंशावळी सांभाळणं हा पिढीजात धंदा. बाबांचे चुलतभाऊ निवृत्तीकाका, त्यांच्याकडे घरचीही वही आहे. बाकीचे मोडी वाचून डोळे फोडताहेत, माझं काम बसल्या जागी!

काका वहीला हात लावू देईनात. "आधी हात धू." धुतले. "साबणाने."

गुरु. ९
पन्नास माणसं भरून झाली. एकच ओळ लाल — आजीची! वहीत आजोबांची बायको एकच, मालिनी. जन्म १९४४. थोरल्या आत्याचा जन्म १९५७. म्हणजे तेराव्या वर्षी आई? संगणक बोंबलतोय. आजीचं सहस्रचंद्रदर्शन आत्ता दिवाळीनंतर झालं, लाडू मीच वळले होते. पण जुन्या लोकांचं जन्मसाल कुणाला नीट माहीत असतं! १९४४चं १९३८ करून टाकलं. ओळ हिरवी. येताना भेळ खाल्ली.

शुक्र. १०
शेजारी रोशनी बसते, पेठ तालुक्यातली. तिच्या गावच्या वहीत एक काळू दोनदा जन्मलाय. मी म्हटलं, चूक असेल. "चूक नाय. पहिलं पोर गेलं का पुढच्याला तेच नाव ठेवत्यात आमच्याकडं. दोन काळू हायेत ते." मग आजीची ओळ मी कशी हिरवी केली ते ऐकून खिदळली, "तुमच्यात बायकोचं ठेवत्यात का काय?"

मीही हसले. रिक्षात बसल्यावर हसू गेलं.

शनि. ११
काकांना विचारलं. सुपारी कातरत होते, मानसुद्धा वर केली नाही. "हो मग! पहिली मालिनी बासष्टात गेली. तुझी आत्या तिची. पुढच्या वर्षी ही आली, तुझ्या बाबाची आई. दादांनी, तुझ्या आजोबांनी, तेच नाव ठेवलं. जिभेला वळण पडलं होतं, म्हणाले."

"हिचं माहेरचं नाव काय?"

"वहीत नाही."

वही बंद! असा राग आला — आजोबांचा, काकांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. लाल ओळ हिरवी करताना मी दोन बायकांची एक केली होती. तेही माझ्याच घरात.

रवि. १२
आजीला विचारलं. "काय करायचंय आता ते?" म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बुध. १५
सादर केलं. १९३८चं पुन्हा १९४४. एका ओळीच्या दोन ओळी. साल मीच मनाने बदललं होतं, तेही सांगून टाकलं. कुणाला कळलं नसतं! माहेरच्या नावाचा रकाना मात्र रिकामा. मॅडम म्हणाल्या, "जिवंत आहेत ना त्या? मग रिकामा कसा?"

निवड रोशनीची आणि मालेगावच्या एका मुलाची. माझी नाही. रोशनीने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले थोडी.

गुरु. १६
सकाळी मेथी निवडता निवडता आजी आपणहून — "तो तुझा रकाना भरलास का गं?"

नाही म्हटलं.

"वेणू लिही."

दुपारी स्वयंपाकघरातून सहज हाक मारून बघितली — "वेणू!"

बाहेर टीव्ही मोठ्याने चालू होता. तरी आजीने लगेच ओ दिली.