व्याह्यांस पत्र: सिंहांची बस मी कशी सोडली

चंडीगड,
नाताळच्या सुट्टीतला गुरुवार

श्री. रा. रा. कृष्णराव यांस,

चंडीगडहून बाजीरावचा सविनय नमस्कार. इकडे थंडी सोडली तर सगळं क्षेम आहे. तिकडे आपली साखर आणि विहीणबाईंचा गुडघा हे दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. पत्र पाहून नवल वाटेल, पण फोनवर आपण 'हं' च्या पुढे जात नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं आपल्याआधी विहीणबाई वाचतात, म्हणून आपला जुना मार्ग धरला. (पाकीट मिळवायला सेक्टर बावीसचं अर्धं मार्केट पालथं घातलं. मफलर हवे तेवढे मिळतात, पाकीट मागितलं की दुकानदार आपल्याकडे काळजीने बघतो.)

आपण मला ज्या कामगिरीवर धाडलंत तिचा अहवाल देतो. कुणाल संक्रांतीनंतर सीमेवर जाणार, तिथे बायकापोरांना नेता येत नाही, तेव्हा मधुरिमाने आर्या-मयुरेशला घेऊन साताऱ्याला यावं असं आपण दोघांनी आपल्या ओसरीवर चहा पिता पिता ठरवलं. ती दिवाळीत 'नाही' म्हणाली. सेक्टर चौतीसमधल्या क्लासात ती फिजिक्स शिकवते, ते सोडणार नाही म्हणाली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. म्हणून सून समजुतीने सोबत आणायची, हे काम माझ्याकडे आलं. मी आल्या दिवसापासून संधी शोधत होतो. पण ती सकाळी मुलांचं आवरून क्लासला जाते, दुपारी येऊन स्वयंपाक करते, संध्याकाळी पुन्हा कुणाचं तरी गणित सोडवून देते, आणि मधल्या वेळात मला गरम पाणी, गरम पोळी आणि गरम मोजे पुरवते. अशा माणसाला 'तुला एकटीला झेपणार नाही' हे नेमकं कुठल्या क्षणी सांगायचं ते मला कळेना.

शेवटी मुलांच्या सुट्टीत शहराबाहेरचं प्राणिसंग्रहालय बघायचं ठरलं, आणि मी मनात म्हटलं, वाघ-सिंहांच्या साक्षीने बोलून टाकू. कुणालची ड्यूटी होती, त्यामुळे गाडी मधुरिमाच चालवत होती. बाहेर धुकं असं की पुढच्या ट्रकवर लिहिलेलं काही वाचता येईना. मी शेजारी बसून सगळ्या रस्ताभर पायाने ब्रेक दाबत होतो. माझ्या बाजूला ब्रेक नाही, हे तिने एकदाही दाखवून दिलं नाही. उलट उतरताना म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. (आपण लेकीला हे वळण लावलंत त्याबद्दल आपले आभार. माझा कुणाल असता तर त्याने मला वाटेतच उतरवून दिलं असतं.) तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी गाडीतच खाऊन आम्ही आत गेलो.

आता प्राण्यांविषयी. पाणघोडा आपल्यासारखाच आहे, जेवल्यावर कुणाशी बोलत नाही. हत्ती मोठा आहे. पांढरा वाघ उन्हाचा तुकडा शोधून त्यात झोपला होता आणि ऊन सरकलं की तोही सरकायचा. चार वर्षांच्या मयुरेशला मी आपला मोर दाखवला, तर तो म्हणाला, "ये तो हमारे मेस के पीछे भी आता है," आणि पुढे चालू लागला. नातवंडं मराठीत ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. मी हिंदीत बोललो की मात्र दोघंही आईकडे बघतात.

मग आली सिंहांची सफारी. जाळी लावलेली बस, आणि ती सिंहांच्या मोकळ्या रानातून फिरवून आणते. बसपाशी एवढी माणसं, आणि रांग नाही! कृष्णराव, मी कराड स्टँडवर अख्खी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. बिनरांगेची बस पाहिली की माझा हात आपोआप शिट्टी शोधतो. शिट्टी नव्हती, पण घसा होता. "लाइनमें खडे रहो, ढकलाढकली मत करो, पयले बच्चेवाले" असं म्हणत मी पाच मिनिटांत रांग लावली. पंजाबी लोक मोठ्या मनाचे. 'बाऊजी, बाऊजी' म्हणत सगळे रांगेत उभे राहिले, मला कुणी नेमलं आहे का हे कुणी विचारलं नाही. आर्या-मयुरेशला मी खिडकीजवळ बसवलं. मधुरिमा चढत होती, तेवढ्यात मयुरेशची कानटोपी खाली पडली, ती उचलायला ती उतरली. मी मात्र कामात होतो. सगळ्या जागा भरल्या, उभं कुणी नाही, दारात कुणी नाही. मी दार लोटलं आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

दोन थापांचा अर्थ जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना कळतो. बस गेली.

आपण म्हणाल, बाजीराव, तुम्ही स्वतः का नाही चढलात? अहो, मी आयुष्यभर बस सोडली आहे, बसमध्ये कधी बसलो आहे? बस धुरळा उडवत फाटकातून आत गेली, फाटक लागलं, आणि मला समाधान वाटलं. गाडी वेळेवर सुटली की नेहमी वाटतं तेच. मग शेजारी बघितलं तर कानटोपी हातात घेऊन सूनबाई उभी.

पण आपली लेक, कृष्णराव! ओरडली नाही. सरळ फाटकावरच्या रखवालदाराकडे गेली आणि अस्सल पंजाबीत म्हणाली, "वीरजी, बच्चे अंदर कल्ले ने." (म्हणजे, मुलं आत एकटी आहेत. ही पंजाबी तिने कधी उचलली देव जाणे. माझ्या हिंदीला तीस वर्षं झाली, ती अजून कराडच्या बाहेर पडलेली नाही.) त्याने ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, बस मध्ये थांबवता येत नाही, फेरी पुरी करूनच येईल, मुलं मजेत आहेत. मग तिने फोन आर्याला द्यायला सांगितला. आर्या सहा वर्षांची. आईने तिला सांगितलं, मयुरेशचा हात धर, जागेवरून उठू नकोस, काय काय दिसतं ते आल्यावर मला सांग. पलीकडून आर्याचा आवाज आला, "ओके मम्मा. आजोबा कहाँ हैं? उनको भी तो शेर देखना था."

आम्ही बाकावर बसलो. बाटलीच्या झाकणात ओतून तिने मला पाणी दिलं. आता सांगायला लाज वाटते, पण माझ्यातला आपला दूत नेमका त्या वेळी जागा झाला. मी म्हणालो, बघ मधुरिमा, परमुलखात दोन पोरं घेऊन एकटीने राहणं हे असं जोखमीचं असतं. म्हणून आम्ही म्हणतो, साताऱ्याला चल.

तिने कानटोपी झटकली, घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मी एकटी असते तर बसमध्ये असते."

यावर आपल्याला काही उत्तर सुचलं तर कळवा.

बस आली. मयुरेश नातवंडांसह आलेल्या एका बीजींच्या शालीत शिरून तोंड भरून पिन्नीचा लाडू खात होता. आर्याने त्याचा एक हात धरलेला होता आणि दुसऱ्या हाताने ती सगळ्या बसला सिंह दाखवत आली होती. अनोळखी ठिकाणी चुकामूक झाली तर जागा सोडायची नाही आणि मुलं सोबत असलेल्या बाईजवळ बसायचं, हे आईने दोघांना कधीच शिकवून ठेवलेलं होतं. म्हणजे मी काय घोटाळा करणार याची तयारी तिने मी यायच्या आधीच केली होती. पुढच्या फेरीला तिने मला पहिला चढवला आणि स्वतः शेवटी चढली. सिंह छान आहे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा कृष्णराव, कामगिरी फसली आणि मला त्याचा आनंद आहे. मुलगी इथेच राहील, शिकवेल, पोरांना सांभाळेल, आणि या घरात आपण आणखी एखादा माणूस पाठवलात तर त्यालाही सांभाळेल. अशी लेक आपण आमच्या घरी दिलीत, हे मी लग्नात म्हणायला हवं होतं. तेव्हा पंगतीच्या गडबडीत राहिलं, आता म्हणतो. विहीणबाईंना नमस्कार सांगावा आणि राग असेल तो माझ्यावर काढावा.

आपला,
बाजीराव

ता. क. पत्ता तपासायला पत्र मधुरिमाकडे दिलं, तर तिने सगळंच वाचून काढलं. 'मुलगी इथेच राहील' या वाक्यापाशी थांबून तिने विचारलं, हे आत्ता ठरलं का? मी म्हटलं, नाही, मला आत्ता कळलं.

ता. क. २. हा मजकूर पोस्टात उभा राहून लिहितोय. तो तिने वाचलेला नाही. वर मी तिला फार शांत दाखवलं आहे, ते मुद्दाम. तिने पाणी ओतलं तेव्हा झाकणातलं अर्धं पाणी माझ्या मफलरवर सांडलं. आणि बस दिसेपर्यंत ती फाटकाकडे बघत ओठांतल्या ओठांत एकच म्हणत होती, 'अण्णा, अण्णा.' मला ती बाबा म्हणते. अण्णा तुम्ही. दिवाळीपासून तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, आणि जीव घाबरला तेव्हा हाक तुम्हालाच मारली. कुणाल संक्रांतीनंतर जाईल. त्याच्या आधी या. तिला न्यायला नको, तिच्याजवळ राहायला या, आणि निघताना परतीची तारीख ठरवून येऊ नका.