केनवडच्या दोन एकरांची अट

लिहून ठेवणार: सौ. सोजरबाई इंद्रभान अवचार, वय ४८, धंदा शेती, शिक्षण चौथी, राहणार रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. नमुना वकिलाचा, मधलं बोलणं माझं. कोणाचा दबाव नाही. मला दाबणारं या घरात अजून कोणी निघालं नाही.

कारण असं की मला बच्चेदानीचा कॅन्सर आहे. घरचे तीन महिने "साधी गाठ आहे" म्हणत होते. अकोल्याच्या दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते चौथीवालीलाही वाचता येतं. ते लपवत होते म्हणून मीही न कळल्यासारखं केलं. बोलायचे तीन महिने फुकट गेले.

१) घर पती इंद्रभान यांच्याच नावावर आहे, त्यामुळे देण्याचा प्रश्न नाही. आजार निघाल्यापासून ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. भाजीत दोनदा मीठ पडलं तरी मुकाट जेवले. नवरा असा वागायला लागला की भीती वाटते.

२) सोन्याची पोत मुलगा हरीओम याच्या होणाऱ्या बायकोला. त्याने मोबाइलमध्ये पाहून मला जे जे रस पाजले, ते तिला पाजू नयेत.

३) नणंद देवलाबाई हिला काही नाही. भेटायला आली, रडली, आणि रडता रडता माझ्या साड्यांचं विचारून गेली.

४) विळा, खुरपं आणि शेवयाचं मशीन मोठी जाऊ वैजयंती, पोरांची मोठीआई, हिला. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, अकरा वर्षं आमचं भांडण आहे. आमच्याकडे बाया सावड करतात, आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. यंदा कापणीला बाया माझं सोयाबीन सोंगून गेल्या, वैजयंतीही त्यात होती. मी त्यांची सावड फेडायला निघाले तर म्हणाल्या, "राहू दे वं, तू आराम कर." म्हणजे मला मेलेल्यात धरलं. एकटी वैजयंती दारात येऊन म्हणाली, "काय वं सोजर, माही सावड फेडशीन का मरूनच सुटशीन?" मी गेले. थोडं सोंगलं, बाकी वेळ तिला शिव्या दिल्या. त्या दिवशी पोटभर जेवले.

५) केनवडची दोन एकर वडिलांकडून माझ्या हिश्श्याला आली, ती मुलगी निकिता हिला. निकिता अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझ्यासाठी सोडून घरी बसली. तिला कोणी सांगितलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. हरीओमची नोकरी मात्र चालू आहे. या महिन्यात हजर झाली तर वर्ष वाचतं, असं कॉलेजच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. म्हणून अट अशी: मी मरेन त्या दिवशी ती कॉलेजात असेल तर जमीन तिची. माझ्या उशाशी सापडली तर जमीन वैजयंतीची.

६) वरची अट खोडली आहे व तिथे सही केली आहे. निकिताने ती वाचली आणि म्हणाली, "दे मोठीआईले जमीन. मी इथंच राह्यतो."

"इथं बसून काय करशीन वं?"

"तुह्या जवळ बसतो."

"त्याले तुहा बाप आहे. तू सारं करून राह्यली म्हणून तो दिवसभर वावरात नुसता बसून राह्यतो. त्याले काही करू दे ना."

"बाबाले भात तरी टाकता येते का?"

"शिकन तो."

ती उठून भात टाकायला गेली.

धमकी चालली नाही तर काय लिहायचं, ते वकिलाच्या नमुन्यात नाही. म्हणून सरळ लिहिते. जमीन निकिताची, बिनशर्त. निकिता, तू जा. विनंती करायची मला सवय नाही, ही एकच आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सोजरबाई इंद्रभान अवचार
साक्षीदार: १) मारोतराव गंगाराम जुमडे, शेजारी २) धम्मदीपा सुरेश खडसे, आशाताई
ठिकाण: रिठद. दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

सही करताना घरचे हजर: पती इंद्रभान, मुलगा हरीओम.
निकिता हजर नाही. ती सकाळच्या गाडीने अकोल्याला गेली.